कुंपणाकडची वांगी

बडोद्यात गच्चीवर बाग करणाऱ्या मंडळींत माझं नाव कुणी पसरवलं, मला ठाऊक नाही. पण मधूनमधून फोन येतात. समोरचा माणूस गुजरातीत सुरुवात करतो, माझं आडनाव ऐकलं की मराठीवर येतो आणि विचारतो, "साळुंकेकाका, तुम्ही क्रशरवर होतात ना? मग ती दगडाची भुकटी गुलाबाला घालायची का हो? फायदा होतो?"

इथे मी अडतो. "थोडी घालून बघा, शेणखतात मिसळून घाला, हाताळताना ओली करा आणि तोंडाला फडकं बांधा," एवढं सांगतो. लोकांना वाटतं, काका आतली गोष्ट सांगत नाहीत. आतली गोष्ट अशी काही नाहीच. नोकरीचा बहुतेक काळ मी त्या भुकटीत उभा होतो, आणि तिनं झाडाचं नक्की काय होतं हे मला अजून नीट कळलेलं नाही. कळून घ्यायचा प्रयत्न मात्र मी केला, आणि त्या प्रयत्नात माझी नोकरी जायची वेळ आली होती. तेच सांगायचं आहे.

आमचे पूर्वज संस्थानाच्या फौजेत शिपाई होते. वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. मी गोरव्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो. तिथे दगड फोडायची यंत्रं बनायची. एकदा असं एक यंत्र बसवायला मला बडोद्याच्या पूर्वेला, जिथून पावागढ दिसतो अशा एका गावाशेजारच्या खाणीवर पाठवलं. यंत्र बसलं, चालू झालं, आणि खाणीचे शेठ म्हणाले, "बसवलंस तूच, आता सांभाळ पण तूच." मी राहिलो तो रिटायर होईपर्यंत.

काम बाहेरच्या माणसाला वाटतं तितकं आडदांड नसतं. सुरुंगानं सुटलेला काळा दगड डंपर आणून जबड्यात ओततो. जबडा म्हणजे पोलादाचे दोन जाड पाट, एक स्थिर आणि एक हलणारा. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा त्यांच्यामध्ये दगड फुटतो. मग पट्ट्यावरून चाळण्यांकडे जातो आणि मोठी खडी, बारीक खडी, कपची असे ढीग वेगळे पडतात. सगळ्यात शेवटी, सगळ्यांत खाली जे पडतं ते डस्ट. रंग राखेसारखा, हाताला पिठासारखं, पण चिमटीत चोळलं की कचकचतं. खडीला गिऱ्हाईक असतं. डस्टचा डोंगर होतो आणि तो वाऱ्याबरोबर गावात जातो.

ही भुकटी हवेत उडू नये म्हणून जबड्याच्या तोंडाशी आणि पट्ट्यांच्या टोकाला पाण्याचे फवारे असतात. आमच्याकडेही होते. पण फवारे मारले की भुकटी ओली होऊन चाळणीच्या भोकांत बसते, चाळणी जाम होते, मग यंत्र थांबवून ती खरवडावी लागते. म्हणून फवारे कधी चालू, कधी बंद. बंदच जास्त.

खाणीच्या कुंपणाला लागून रमणभाईंचं शेत होतं. मध्यम उंचीचे, शांत, पण एकदा बोलायला लागले की मुद्दा सोडायचे नाहीत. ते गुजरातीत बोलायचे, मी इथे मराठीत देतो. पहिल्यांदा आले ते भांडायला. हातात वांग्याची एक फांदी. पानं करडी झालेली, जणू कुणी सिमेंट चाळलंय.

"साळुंकेभाई, ह्या पानानं श्वास कसा घ्यायचा?" ते म्हणाले. "मी शेठकडे जाणार नाही, शेठ चहा पाजून परत पाठवतात. तुम्ही यंत्रावर असता, तुम्हीच सांगा."

मी फवारे जास्त वेळ चालवीन असं सांगितलं, आणि थोडे दिवस चालवलेही. मग चाळणी जाम झाली, शेठ ओरडले, फवारे बंद झाले. रमणभाई दोनतीनदा येऊन गेले. पुढच्या हंगामात ते आले तेव्हा त्यांच्या पंच्यात वांगी होती. टपोरी, चकचकीत, जांभळी. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीवर बसून राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, पण आनंदही नव्हता.

"ही कुंपणाकडच्या ओळींतली," ते म्हणाले. "बाकीच्या शेतात याच्या निम्मीही नाहीत. गेल्या वर्षीपेक्षा झाड दणकट, पान जाड. मी तुमच्याशी भांडायला निघालो होतो, पण वाटेत मला कळेना की कशावरून भांडू."

मलाही कळेना. आम्ही दोघं शेतात गेलो. खरंच, कुंपणालगतच्या ओळी वेगळ्या दिसत होत्या. मातीत बोट घातलं तर वरचा थर करडा. म्हटलं, दगडातून काहीतरी मातीत उतरलं असणार. शेवटी माती म्हणजे झिजलेला दगडच. आपण फक्त झीज लवकर केली. त्या दिवशी मला फार मोठा शोध लागल्यासारखं वाटलं. पुढच्याच आठवड्यात मी रमणभाईंना एक ट्रॉली भरून डस्ट दिली. शेठना आनंदच झाला, डोंगर तेवढा कमी.

पण मी मूळचा फिटर. यंत्र बिघडलं तर एकच कारण धरून बसायचं नाही, हे गोरव्यात अंगात भिनलेलं. म्हणून मी पुन्हा कुंपणाशी गेलो आणि नीट बघितलं. तेव्हा दिसलं की आमच्या फवाऱ्याच्या टाकीचा पाइप गळतो आणि ते पाणी कुंपणाखालून त्याच ओळींत झिरपतं. मी रमणभाईंना म्हणालो, "डस्ट नाही, पाणी लागलं असेल."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी काशीबेन बकऱ्या सोडायला आल्या. त्या म्हणाल्या, "बकऱ्या कुठे बांधते मी? कुंपणाला. उन्हाळाभर तिथेच असतात. लेंड्या कुठे पडतात?"

भुकटी, पाणी, लेंड्या. तिन्ही एकाच जागी. रमणभाई डोकं खाजवत म्हणाले, "मग ट्रॉली उलटी करू की नको?" मी म्हणालो, "आता आणलीच आहे तर पसरा."

इथवर सगळं गमतीचं होतं. पुढे तसं राहिलं नाही.

गावात धुळीवरून असंतोष वाढत होता. वाळत घातलेल्या कपड्यांवर थर, दुधावर साय येण्याआधी धूळ. आणि खोकला. काशीबेननाही होता. बोलता बोलता त्या थांबायच्या, पदर तोंडाशी धरायच्या, मग वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे न्यायच्या. मी त्याची सवय करून घेतली होती, जशी यंत्राच्या आवाजाची करतो तशी. गावकऱ्यांनी तालुक्याला अर्ज केला आणि शाळेच्या ओट्यावर सभा ठरली. तालुक्याहून एक अधिकारी येणार होते.

आदल्या दिवशी शेठनी मला बोलावलं. शेठ वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम लिहितो. कामगाराच्या आजारपणात स्वतः गाडी पाठवणारे. पण ओल्या चाळणीनं ते खरोखर जेरीस आले होते, आणि रमणभाईंची वांगी पाहिल्यापासून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती.

"साळुंके, उद्या तू बोलायचं," ते म्हणाले. "तू टेक्निकल माणूस. सांगायचं की ही धूळ म्हणजे खत आहे. रमणभाईंना वांगी घेऊन यायला सांगितलंय. ज्या धुळीनं शेत सुधारतं ती पाणी मारून दाबायची कशाला?"

"शेठ, पण ते नक्की नाही," मी म्हणालो. "पाइप गळत होता. बकऱ्याही..."

"वांगी आली ना?"

"आली."

"मग तेवढं सांग."

त्या रात्री घरी मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "खरं काय ते सांग." तिला हे सोपं वाटत होतं, कारण तिला खरं काय ते मला माहीत आहे असं वाटत होतं. माझी अडचण खोटं बोलण्याची नव्हती. भुकटी उपयोगाची नाही असं म्हणालो तर रमणभाई साऱ्या गावासमोर खुळे ठरणार, आणि कदाचित ते खोटंही असेल. उपयोगाची आहे म्हणालो तर फवारे कायमचे बंद होणार. दोन्हीकडून कुणाचं तरी नुकसान, आणि मधे मी, ज्याला काहीच ठाम माहीत नाही.

सभेला ओटा भरला होता. शेठच्या शेजारी टेबलावर वांग्यांची टोपली. रमणभाई टोपलीमागे असे बसले होते की जणू ती दुसऱ्या कुणाचीतरी आहे. शेठ बोलले, छान बोलले. मग म्हणाले, "आमचे साळुंके सांगतील."

मी उभा राहिलो. अधिकाऱ्यांनी विचारलं, "या भुकटीनं पीक सुधारतं?"

"मला माहीत नाही, साहेब," मी म्हणालो.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी कसाबसा पुढे बोललो. म्हणालो की कुंपणाकडे वांगी चांगली आली हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पण तिथे पाणीही होतं आणि बकऱ्याही होत्या, त्यामुळे श्रेय कुणाचं ते मला सांगता येत नाही. आणि मातीत मिसळलेली भुकटी वेगळी, पानावर नि छातीत बसलेली वेगळी. पहिलीबद्दल मी गोंधळलेलो आहे. दुसरीबद्दल मी डॉक्टर नाही.

लोक कुजबुजले. कुणालाच माझं बोलणं आवडलं नाही, ना शेठना, ना गावाला. गावाला वाटलं मी शेठचं मीठ खाऊन गुळमुळीत बोलतोय. मी खाली बसलो.

मग बायकांच्या बाजूनं काशीबेन उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यांना बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. रमणभाईंनी हातानं बसण्याची खूण केली, ती त्यांनी पाहिली नाही किंवा पाहून सोडून दिली.

"वांगी चांगली आली, ते खरं," त्या म्हणाल्या. "ती मीच तोडली. पण साहेब, मी वांगं नाही. वांग्याची मुळं जमिनीत, त्याला धूळ खालून मिळते. मला..." इथे त्यांना खोकला आला. सगळा ओटा थांबून राहिला. बराच वेळ त्या खोकत होत्या. कुणीतरी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी सोडलेलं वाक्य पुन्हा उचललं. "मला वरून मिळते. खत द्यायचं तर ट्रॉलीत भरून ओलं करून द्या. नाकातून नको."

त्यानंतर रमणभाई उठले, टोपली उचलून टेबलावरून खाली ठेवली आणि बायकोच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

अधिकाऱ्यांनी तिथेच सांगितलं की यंत्र चालू तर फवारे चालू, पट्ट्यांवर पत्रे बसवायचे आणि गावाच्या बाजूला आडोसा उभा करायचा. शेठ काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी म्हणाले, "चाळणी जाम झाली तर खरवडायला तूच जायचं." मी म्हणालो, "जाईन." नोकरी राहिली. पुढची अनेक वर्षं मी ती चाळणी खरवडली, आणि खरवडताना शेठना मनात जे बोललो ते इथे छापण्याजोगं नाही.

पण माझ्या डोक्यातला प्रश्न तसाच होता. सभेत सगळ्यांसमोर "माहीत नाही" म्हणालो होतो, ते मला टोचत होतं. म्हणून मी रमणभाईंना म्हटलं, आपण नीट परीक्षा घेऊ. कुंपणापासून लांब, गळक्या पाइपापासून लांब. सारखे वाफे करायचे. एकाला नुसती भुकटी, एकाला नुसतं शेणखत, एकाला दोन्ही, आणि एकाला काहीच नाही. पाणी सगळ्यांना सारखं. रमणभाईंना ते पटलं. देखरेख काशीबेनकडे.

हंगामाच्या शेवटी मी पाहायला गेलो. दोन्ही घातलेला वाफा चांगला होता. शेणखताचा त्याच्या जवळपास. नुसत्या भुकटीचा मध्यम. आणि ज्याला काहीच दिलं नव्हतं तो सगळ्यांत वर. मी त्या वाफ्यापुढे उभा राहून पुन्हा पुन्हा पाहत होतो. गोरव्यात कुणी असा रिपोर्ट दिला असता तर आम्ही मोजणाऱ्याला घरी पाठवलं असतं.

"काशीबेन, ह्याला काय दिलंत?" मी विचारलं.

"त्याला तर तुम्ही काहीच द्यायचं नाही म्हणाला होतात," त्या म्हणाल्या.

"हो. मग?"

त्यांनी वाकून वाफ्यातलं एक पिवळं पान खुडलं. मग म्हणाल्या, "बाकीच्यांना सगळं मिळतंय आणि ते एक बिचारं उपाशी. येता जाता बघवेना. मग बकऱ्यांखालचं थोडं थोडं टाकत गेले."

"थोडं?"

"रोज थोडं."

रमणभाई दुसरीकडे बघत हसू दाबत होते. मला रागावता येईना. शेतीचं शास्त्र शिकवणाऱ्यांनी परीक्षेच्या वाफ्यांची रीत खूप शिकवली असेल, पण उपाशी वाफ्याची दया येणाऱ्या बाईचं काय करायचं हे कुणी लिहिलेलं मला माहीत नाही.

याच सुमारास आणखी एक भानगड झाली. काशीबेनचे भाऊ भिखुभाई करजणला राहतात, कापूस करतात. बहिणीच्या शेतातली वांगी पाहून त्यांनीही एक ट्रॉली नेली आणि आपल्या काळ्या जमिनीत पसरली. हंगाम गेला, काही झालं नाही. ना चांगलं, ना वाईट. भिखुभाई मेहुण्यांवर चिडले, मेहुणे माझ्यावर. मी रविवारी करजणला गेलो. तिथे त्यांच्या ओळखीची, शेतीचं शिकलेली एक मुलगी आली होती. तिनं मातीचं ढेकूळ हातात फोडून सांगितलं, "काका, ही काळी जमीन मुळात याच काळ्या दगडाची झालेली आहे. तिच्यात आधीच सगळं आहे. तुमच्याकडची गोराडू जमीन रेताड, तिला कदाचित लागत असेल. तेही लगेच नाही, दगड विरघळायला वेळ घेतो."

म्हणजे आम्ही दगडाच्याच घरी दगडाचा आहेर घेऊन गेलो होतो. मला बरं वाटलं, निदान काहीतरी उलगडलं. मी भिखुभाईंची माफी मागितली. ते म्हणाले, "राहू दे." आणि पुढच्या वर्षी त्यांचा फोन आला, आणखी एक ट्रॉली पाठवा.

"कशाला? तुमच्या जमिनीला नाही चालत ना," मी म्हणालो.

"शेतात नाही. उरलेली मी अंगणात पसरली होती. ह्या पावसाळ्यात चिखलच झाला नाही. बायको खूश आहे."

रिटायर झाल्यावर मी घरी गच्चीत कुंड्यांमध्ये पुन्हा करून पाहिलं. भुकटीच्या कुंड्या डावीकडे, बिनभुकटीच्या उजवीकडे. दिवाळीच्या साफसफाईत सुनेनं गच्ची धुतली आणि कुंड्या रंग बघून छान मांडल्या. ती म्हणाली, "बाबा, आधी कशा होत्या ते सांगितलं असतंत तर तशाच ठेवल्या असत्या." बरोबरच होतं तिचं. मी तो नाद सोडला.

एक गोष्ट मात्र मी मनाशी पक्की धरून होतो. झाडांचं काही का होईना, त्या सभेनंतर धूळ कमी झाली होती आणि वर्ष-दोन वर्षांत काशीबेनचा खोकला गेला होता. एवढं तरी मला कळलं, आणि त्यात माझ्या "माहीत नाही"चा थोडा हात होता. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण म्हातारपणी माणसाला अशी एखादी गोष्ट लागते.

गेल्या थंडीत रमणभाईंकडे गेलो होतो. ते आता काठी घेऊन चालतात. काशीबेननी चहा आणला, स्वतःही बसल्या. जुन्या गोष्टी निघाल्या. मी सहज म्हणालो, "काशीबेन, फवारे चालू झाले आणि तुमचा खोकला गेला, ते मात्र फार चांगलं झालं."

"खोकला?" त्या म्हणाल्या. "तो तर घरात गॅस आला तेव्हा गेला, भाई. चुलीचा धूर गेला ना."

"काय बोलतेस?" रमणभाई म्हणाले. "पाणी मारायला लागले तेव्हापासून गेला."

"गॅस त्याच्या आधी आला."

"नंतर आला. मी स्वतः बाटला आणला होता."

"बाटला तुम्ही नाही, भिखुनं आणला होता. आणि तेव्हा अजून पत्रेही लागले नव्हते, मी त्या दिवशी पापड वाळत घातले होते ते सगळे करडे झाले, म्हणूनच तर मला लक्षात आहे. तुम्हाला काही आठवत नाही आणि वर मला सांगता."

रमणभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी साक्ष द्यावी अशी त्यांची अपेक्षा होती. मला आठवत नव्हतं. काशीबेन पुढे बोलतच होत्या, कोण आधी, कोण नंतर, कुणाच्या लग्नाच्या वर्षी, एकावर एक, न थांबता, पदर तोंडाशी न नेता. मी चहाचा कप हातात धरून त्यांचं ते सबंध, न तुटणारं भांडण ऐकत बसलो.